सामना कधी सुरू होणार?

रविवार, १९ नोव्हेंबर १९६१

पद्मीचा सामना पाहायला म्हणून गेलो, पण खरं पाहता शेषगिरीला पाहायला गेलो होतो. मागच्या आठवड्यात कौशल्या अक्का सहज बोलून गेली, "विशू, त्या हॉकीच्या मास्तराचं लग्न झालंय का, विचारलंस कधी?" विचारलं नव्हतं. रेल्वेत हरवलेल्या मालाचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात माझी उमर गेली, आणि पोटच्या पोरीच्या मास्तराची साधी चौकशी केली नाही.

शेषगिरी पस्तिशीचा, काटकुळा, गळ्यात शिट्टी. लग्न झालेलं नाही. पोरींना नावानं हाक मारत नाही. "ए फुलबॅक", "ए गोली" असं ओरडतो. फक्त आमच्या पोरीला "पद्मा" म्हणतो. हे मला आवडलं नाही.

उत्तरार्धात दोन्ही बाजूंच्या पोरी एकाच चेंडूवर धावल्या आणि कँटोनमेंटकडच्या एका उंच मुलीवर आपटून पद्मी मागच्या मागे पडली. हे मागून कळलं; पडताना मी पाहिलं नाही, कारण माझी नजर शेषगिरीवर होती. नुसता आवाज ऐकला, नारळ आपटावा तसा. मी वळून बघेपर्यंत ती उठून बसली होती. शेषगिरी धावत गेला, तिची हनुवटी धरून डोळ्यांत पाहत राहिला. एवढ्या लोकांदेखत! मग लिंबू-सोडा पाजला आणि परत आत पाठवलं. पहिले काही क्षण ती चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे निघाली. लोक हसले. मीही हसलो. पुढे चांगली खेळली. जिंकले.

बसमध्ये म्हणाली, "अण्णा, जिंकलो ना आपण?" म्हटलं, हो. चामराजपेटला उतरताना पुन्हा तेच विचारलं, दारात चप्पल काढताना पुन्हा. पोरीला कौतुक ऐकायची हौस फार.

संध्याकाळी ओकली. पोरीची आई अनुसूया म्हणते मैदानावरचे तळलेले बोंडे बाधले. पद्मी शपथेवर सांगते की तिनं बोंडे खाल्लेच नाहीत. मग काय खाल्लं, आणि कुणी दिलं?

बुधवार, २२ नोव्हेंबर

कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून पडते. खिडकीला आईची जुनी साडी बांधलीय. विचारलं तर म्हणते, "उजेड नको वाटतो." अठरा वर्षांच्या पोरीला उजेड नको वाटतो! काही लपवायचं असेल तरच माणसाला अंधार हवा होतो.

अनुसूया म्हणाली, "डोकं दुखतं म्हणतेय. डॉक्टरकडे नेऊ या का?"

म्हटलं, आधी नीट बघू तर दे. डोकेदुखी दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणूनच सगळे ती सांगतात. आमच्या खात्यात फुटलेल्या काचसामानाचे दावे असेच येतात.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आज खोटं पकडलं. शुक्रवारी कॉलेजला गेले होते म्हणाली होती. आज तिची मैत्रीण सत्यवती, त्यांच्या संघाची गोलरक्षक, बाजारात भेटली. बोलता बोलता म्हणून गेली, "शुक्रवारी पद्मा आली नाही, म्हणून तिच्यासाठी टिपणं काढून ठेवलीत, मामा."

मी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, "का नाही आली?"

सत्यवतीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक आहे."

"मामा, सरांनी सांगितलंय, घरी काही बोलायचं नाही म्हणून." आणि जीभ चावली. पुढं कितीही विचारलं तरी एक शब्द नाही. डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली, म्हणून मीच निघालो.

घरी सांगायचं नाही! मास्तर माझ्या पोरीबद्दल दुसऱ्या पोरींना बजावतो, घरी सांगू नका! बाजारातून घरी कसा आलो ते माझं मला ठाऊक.

अनुसूयेला काहीच सांगितलं नाही. ती आधीच बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवे लावून आलीय. तिला वाटतं नजर लागली. दूध तापत ठेवून पद्मी समोर उभी होती, उतू जाताना बघत राहिली, हात हलला नाही. अनुसूया ओरडली तेव्हा दचकली आणि तिच्यावरच खेकसली. कधी उलट बोलणारी पोर नव्हे. अक्काला कळलं तर म्हणेल, प्रेमात पडलेल्या पोरी अशाच करतात. मलाही आता तेच वाटायला लागलंय.

शनिवार, २ डिसेंबर

आज अर्धा दिवस रजा टाकून पद्मीच्या मागे गेलो. लिहिताना लाज वाटते, पण गेलो.

कॉलेजच्या वाटेवरून ती मध्येच वळली आणि गवीपुरच्या गुहेतल्या देवळाकडे चालू लागली. मी रस्त्याच्या पलीकडे. तिची चाल निराळीच होती. कुंपणाच्या भिंतीला हात लावत, जपून जपून, पिऊन आलेल्या माणसासारखी. कुणी काही पाजतं की काय?

आत गेली. देवाला नमस्कार केला आणि मागच्या बाजूला, जिथं दिवसाही दिवा लागतो, तिथं खडकाला टेकून खाली बसली. पदर डोळ्यांवर घेतला. मी खांबाआड उभा. आता येईल, मग येईल, म्हणून दाराकडं बघत राहिलो. कुणी आलं नाही. एक म्हातारी प्रदक्षिणा घालून गेली, पुजाऱ्यानं घंटा वाजवली तेव्हा पद्मीनं दोन्ही हातांनी कान दाबले. बाकी काही नाही. बऱ्याच वेळानं उठली आणि घरी गेली.

त्याला माझा सुगावा लागला असणार. म्हणून आला नाही.

संध्याकाळी विचारलं, "कॉलेज कसं झालं?" म्हणाली, "झालं."

मंगळवार, ५ डिसेंबर

मैदानावर जाऊन शेषगिरीला गाठलं. पोरींचा सराव संपत होता. पद्मी त्यात नव्हती, बाजूला सावलीत बसली होती. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "माझ्या पोरीबद्दल घरी सांगू नका असं तुम्ही का सांगितलंत?"

त्याचा चेहरा उतरला. अपराध्याचा चेहरा मला कळतो.

"ती पडली होती ना त्या सामन्यात," तो कन्नडमध्ये म्हणाला. "डोक्याला स्वल्प लागलं होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिचं खेळणं बंद केलं असतं. रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे. अशी लेफ्ट-इन खेळणारी मला पुन्हा मिळायची नाही."

"पडून दोन आठवडे झाले. रक्त नाही, टेंगूळ नाही."

"म्हणून तर म्हणतो, काळजीचं काही नाही. मला खेळताना किती वेळा लागलं. उठायचं आणि खेळायचं. मला काय झालं? हं?"

पटकन सुचलेलं उत्तर नव्हतं ते. तयार होतं. मुरलेला दावेदार असंच करतो, मोठी चोरी झाकायला छोटी कबूल करतो. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे. रविवारी मी येतो." तो म्हणाला, "जरूर या, नारायणराव." माझं नाव विश्वेश्वर. मुलीच्या बापाचं नावही धड ठाऊक नाही, एवढी बेपर्वाई.

गुरुवार, ७ डिसेंबर

अनुसूया आज अडूनच बसली. "पोर जेवत नाही, रात्रभर झोपत नाही, दिवसा झोपते. डॉक्टरकडे नेते मी."

म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. डोकं खरंच दुखत असेल तर ती खेळायची नाही. खेळली, तर दुखत नव्हतं हे सिद्ध होईल. मग बाकीचं विचारता येईल."

अनुसूया म्हणाली, "पोरीची परीक्षा घेता होय?"

पद्मी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. म्हणाली, "मी खेळणार आहे, अण्णा. डोकं दुखत नाही. मुळीच दुखत नाही."

बघा.

सोमवार, ११ डिसेंबर, इस्पितळात

पद्मी झोपलीय. दर थोड्या वेळानं नर्स येऊन तिला उठवते, नाव विचारते, डोळ्यांत बॅटरी मारते. अनुसूया घरून कपडे आणायला गेलीय. कालचं लिहून काढतो, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

निवडीच्या सामन्याला आम्ही दोघंही गेलो. पद्मी उतरली. मी ठरवलं होतं की चेंडूकडे बघायचंच नाही, शेषगिरीकडे बघायचं. बघितलं. तो पद्मीवरून नजर काढत नव्हता. पण ती नजर मी धरून बसलो होतो तशी नव्हती. तो भ्यालेला होता. पद्मीच्या जवळ कुणी आलं की तो शिट्टी ओठांशी न्यायचा आणि परत खाली घ्यायचा. मला नवल वाटलं. माणूस आवडत्या बाईकडे असा बघत नाही. आपल्या हातून वखारीत आग राहिली असेल का, या धास्तीनं वखारीकडे बघावं, तसा तो बघत होता.

मध्यंतराच्या जरा आधी एका मुलीचा खांदा पद्मीला लागला. फार नाही. मला तर धक्कासुद्धा वाटला नाही. ती खाली बसली आणि उठली. शिट्टी झाली. पोरी पाणी प्यायला आल्या. पद्मी आमच्यापाशी आली, गुडघे मातीनं भरलेले, कपाळावर घाम, आणि मला म्हणाली,

"अण्णा, सामना कधी सुरू होणार?"

अनुसूया म्हणाली, "अगं, अर्धा झाला."

"आई कुठंय? आई आली नाही?" अनुसूयेकडे बघत ती म्हणाली.

मला इतकी वर्षं खोटं ऐकायची सवय. खोटं बोलणारा आपल्या फायद्याचं बोलतो. या प्रश्नात पोरीचा काय फायदा होता? कुणाला फसवायला निघाली होती? उलट, हे ऐकलं तर निवड समिती तिला घरी पाठवेल. आणि त्याच क्षणी बसमधला प्रश्न आठवला. जिंकलो ना आपण, जिंकलो ना, जिंकलो ना.

शिट्टी झाली. पद्मी वळून निघाली. मी मैदानात गेलो, चपला घालून, धोतर सावरत, पंचांच्या समोरून, आणि तिचा हात धरला. शेषगिरी ओरडला, "काय करताय?" निवड समितीचे लोक खुर्च्यांतून उठले. पद्मी माझा हात झिडकारत होती, रडत होती, "अण्णा, सोडा, यादीतून माझं नाव जाईल," आणि पाय मात्र तिचे एका जागी पडत नव्हते. एक बाई मागून म्हणाली, "आधी खेळायला पाठवायचं, मग तमाशे करायचे." मी हात सोडला नाही.

टॅक्सीत ओकली. इस्पितळाच्या दारात उतरवताना मला ओळखलं नाही.

मंगळवार, १२ डिसेंबर

डॉक्टर वसुमतीबाई म्हणून आहेत. युद्धात लष्करी इस्पितळात होत्या. कवटीचा फोटो काढला, त्यात काही नाही. मी म्हटलं, "काही नाही म्हणजे बरंच म्हणायचं."

"फोटोत हाड दिसतं," त्या म्हणाल्या. "आतला मेंदू दिसत नाही. डोकं आपटलं की मेंदू आत हिसकतो. बाहेर खरचटलेलंसुद्धा नसतं. उलटी झाली होती का? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती? उजेड, आवाज सहन होत नव्हता? चिडचिड? तोल?"

प्रत्येक प्रश्नाला अनुसूया हो म्हणत गेली. प्रत्येक गोष्ट मला ठाऊक होती. माझ्याइतकं बारकाईनं कुणीच पाहिलं नव्हतं.

"पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर लहानसा धक्काही पुरतो. बॉक्सिंग करणारे दोन तरणे जवान मी असे गमावलेत. तुम्ही तिला बाहेर काढलंत ते बरं केलंत."

तरी माझं मन मानेना. डॉक्टरांना गंभीर बोलायची सवय असते. विचारलं, "औषध?"

"विश्रांती. उजेड नाही, वाचन नाही, सिनेमा नाही. आणि डोकं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत हॉकी नाही. मग पायरी पायरीनं. आधी वाचन, मग चालणं, मग पळणं, मग स्टिक. एखाद्या पायरीवर दुखलं तर एक पायरी मागे. आणि एक ऐका, खेळणारी मुलं खोटं बोलतात. बसवून ठेवतील या भीतीनं दुखत नाही म्हणतात. तुम्हाला संशय घ्यावा लागेल."

अनुसूया इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "डॉक्टर, ते यांना सांगावं लागणार नाही."

रविवार, ४ फेब्रुवारी १९६२

अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत आलेत म्हणून सगळं गाव जगबुडीची वाट बघत बसलंय. गल्लीच्या तोंडाशी होम चाललाय, धूर आणि लाउडस्पीकर. कौशल्या अक्का आली होती, पद्मीला होमाला बसव म्हणून. "ग्रहांमुळंच झालंय सगळं." मी नाही म्हटलं. दारं-खिडक्या लावून पद्मीच्या कानांत कापूस घातला. अक्का रागावून गेली.

राज्याचा संघ काल गेला. पद्मीच्या जागी दुसरी मुलगी. पद्मी माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन गेलो तर भिंतीकडे तोंड करते. सत्यवती संघाबरोबर गेली, जाण्याआधी येऊन उशाशी बसून रडली. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं, मामा." मी म्हटलं, मी तुला नीट विचारलं नव्हतं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

शेषगिरी घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. मला पुन्हा नारायणराव म्हणाला. पद्मीची चौकशी केली, म्हणाला चूक झाली, आणि हेच वाक्य जाईपर्यंत तीनदा म्हणाला. छत्री विसरून गेला. दारातून परत आला, छत्री घेतली, पाणी प्यायला आणि छत्री ठेवून निघून गेला.

मी अनुसूयेला म्हटलं, "परत यायला निमित्त ठेवून गेलाय."

ती छत्री उचलून दाराशी उभी होती, रस्त्याकडे बघत. "तो पोरींना नावानं का हाक मारत नाही, पद्मीला विचारलं मी. नावं लक्षातच राहत नाहीत त्याच्या. पद्मा तेवढं राहतं, त्याच्या आईचं नाव पद्मावती. अहो, त्या माणसालासुद्धा वसुमतीबाईंकडे न्या."

मला हे पटलेलं नाही. पण उद्या छत्री घेऊन जाईन तेव्हा बघतो.

गुरुवार, १९ एप्रिल

पद्मी म्हणते डोकं आठवडाभर दुखलं नाही, आता पळू द्या. चेहरा अगदी साळसूद. पण सकाळी पेपर वाचताना तिनं खिडकीकडे पाठ केली होती, आणि अनुसूयेनं भांडं पाडलं तेव्हा डोळे मिटले. जेवायला बसताना तिला बाजारातून आणायच्या सात जिनसा सांगितल्या, ताक पिताना विचारल्या. चार सांगितल्या.

"अजून चालणंच," मी म्हटलं.

ती ताटावरून उठली. "अण्णा, मी काय तुमच्या रेल्वेतलं हरवलेलं पार्सल आहे? सारखं तपासता!"

बोलली तरी! फेब्रुवारीपासून एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी लालबागेपर्यंत चाललो. परतताना माझ्या दंडाला धरून चालली. तोल जात होता की काय, हे तिनं सांगितलं नाही आणि मला ओळखता आलं नाही.

बुधवार, १३ जून

पळून झालं, दुखलं नाही. हे तिचं म्हणणं. वसुमतीबाईंनी एका पायावर उभं करून, डोळे मिटायला लावून, उलटे आकडे मोजायला लावून पाहिलं. मीही घरी सगळं पुन्हा करून घेतलं. सातही जिनसा बरोबर. स्टिक हातात घ्यायला परवानगी.

शेषगिरीला वसुमतीबाईंनी दर महिन्याला बोलावलंय. तो जातो. म्हणजे लक्षात राहिलं तर जातो. म्हणून पहिल्या तारखेला मी त्याला घेऊन जातो. त्यानं संघात नवा नियम केलाय. डोकं आपटलं की बाहेर, मग ती कोणीही असो, आणि सामना कुठलाही असो. पोरींनी तो चिठ्ठीवर लिहून त्याच्या शिट्टीच्या दोरीला बांधून दिलाय.

रविवार, ८ जुलै

पद्मीचा पहिला सामना. मी आणि शेषगिरी शेजारी शेजारी उभे. आज दोघांनीही तिच्यावरून नजर हलवली नाही. पूर्वार्धात ती बरी खेळली, जरा बिचकत. उत्तरार्धात एका गोलानं मागे होते. एका झटापटीत ती वाकली, सरळ झाली, धावत सुटली. मला काही दिसलं नाही. मी शेषगिरीकडे पाहिलं. त्यालाही काही दिसलं नव्हतं.

दहा-बारा पावलांवर पद्मी थांबली. पंचांना हात दाखवला आणि चालत बाहेर आली. पाय सरळ पडत होते.

"सर, दुसरीला पाठवा," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे स्वल्प चमकलं."

शेषगिरीनं काही बोलायला तोंड उघडलं. सामना हातचा जात होता. मग तोंड मिटलं, चिठ्ठी चाचपली आणि दुसऱ्या मुलीला आत पाठवलं.

पद्मी माझ्या शेजारी सावलीत येऊन बसली. तिला विचारायचे प्रश्न मी पाठ करून आलो होतो. आज वार कुठला, समोरच्या संघाचा रंग कुठला, सकाळी काय खाल्लंस. काहीच विचारलं नाही. पाणी दिलं. ती मला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावत राहिली आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेंडू कुठं चाललाय ते पाहिलं. हरले.

घरी आल्यावर ती आत पडली. अनुसूयेनं दाराबाहेर मला गाठलं आणि हळूच विचारलं, "काय हो, खरंच चमकलं होतं का? की भ्याली आणि बाहेर आली?"

म्हटलं, "ती म्हणाली ना चमकलं म्हणून."